घळीतील कुंडांची एकदिवसीय सहल : माणगाव परिसरासाठी काही मार्गदर्शन

पावसाळा ओसरल्यावर सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरील घळींत, म्हणजे दोन्ही अंगांना उभे कातळ असलेल्या अरुंद दऱ्यांत, वर्षानुवर्षे कोसळणाऱ्या पाण्याने कोरलेली कुंडे भरलेली राहतात आणि अशा कुंडांपैकी आज फार मोठी गर्दी खेचणारे देवकुंड रायगड जिल्ह्याच्या माणगाव तालुक्यात, भिरा गावापासून आत, घाटाच्या पायथ्याच्या जंगलात आहे. याच तालुक्यात कुंभे येथील धबधबा आहे. ताम्हिणी घाटाने पुण्याच्या बाजूस चढताना प्लस व्हॅली या नावाने ओळखली जाणारी खोल दरी लागते. आणि मुळशी तालुक्यातील पिंपरी गावाहून अंधारबनच्या दाट झाडीतून उतरणारी पायवाटही शेवटी भिऱ्याशीच येऊन थांबते. मुंबई व पुणे या दोन्ही शहरांतून सकाळी निघून रात्री परतता येईल इतक्या अंतरावर ही सारी ठिकाणे असल्यामुळे येथे येणाऱ्यांची संख्या वाढत गेली, परंतु अशा जागी पाणी कसे वागते याची समज त्या प्रमाणात वाढली नाही. या घळींतील बहुतेक दुर्घटनांचे मूळ कुंडात उतरणाऱ्याला न दिसणाऱ्या ठिकाणी, म्हणजे कित्येक किलोमीटर वर घाटमाथ्यावर किंवा पाण्याच्या पृष्ठभागाखाली असते, आणि म्हणून सहलीची आखणी सुट्टीच्या सोयीने करण्याऐवजी वरच्या पाण्याच्या अंदाजाने केली पाहिजे, हे या लेखातील मुख्य प्रतिपादन आहे.

कुंडाचे स्वरूप समजण्यासाठी त्याची घडण प्रथम पाहणे आवश्यक आहे. सह्याद्रीचा हा भाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पसरलेल्या लाव्हाच्या थरांनी बनलेला असून त्या थरांतील खडकाला बेसॉल्ट, म्हणजे थंड होऊन घट्ट झालेला काळा अग्निजन्य पाषाण, असे म्हणतात. हे थर एकसारखे कठीण नाहीत. काही अत्यंत टणक, तर काही वायूच्या बुडबुड्यांमुळे सच्छिद्र आणि तुलनेने ठिसूळ असतात. धबधब्याचे पाणी वरचा टणक थर ओलांडून खाली आदळते तेव्हा खालचा ठिसूळ थर अधिक वेगाने झिजतो, पायथ्याशी खोल खड्डा तयार होतो आणि कड्याच्या बुडाशी आतल्या बाजूस पोकळीही निर्माण होते. अशा खड्ड्याला प्रपातकुंड म्हणता येईल. प्रवाहासोबत येणारे गोटे एकाच जागी गरगर फिरून खडकात गोल विवरे पाडतात, त्यांना रांजणखळगे म्हणतात. पारनेर तालुक्यातील निघोज येथे कुकडी नदीच्या पात्रातील रांजणखळगे प्रसिद्ध आहेत, परंतु लहान प्रमाणावर तशी विवरे कोकणातील अनेक ओढ्यांत आढळतात. या घडणीचा व्यावहारिक अर्थ असा की, काठाशी गुडघाभर वाटणारे पाणी एका पावलावर डोक्यावर जाऊ शकते, पाण्याखालचा कडा आतून पोखरलेला असू शकतो आणि बाहेरून शांत दिसणारा कोपरा हा भोवऱ्याचा भाग असू शकतो. कुंडाची खोली दरवर्षी तीच राहत नाही, कारण प्रत्येक पावसाळ्यात वरून नवे धोंडे येऊन पडतात आणि जुने सरकतात. म्हणून गेल्या वर्षी जेथे उडी मारणे निर्धोक ठरले तेथे यंदाही ते निर्धोक असेलच असे नाही.

या खोऱ्याच्या पाण्याची दुसरी बाजू मनुष्यनिर्मित आहे. सेनापती बापटांच्या नेतृत्वाखालील १९२१ च्या सत्याग्रहामुळे इतिहासात नोंदल्या गेलेल्या मुळशी धरणाचे पाणी घाटमाथ्यावरून सुमारे पाचशे मीटर खाली भिरा येथील टाटांच्या वीजकेंद्रात उतरवले जाते आणि वीज निर्माण झाल्यावर ते कुंडलिका नदीत सोडले जाते. कोलाडजवळ कुंडलिकेत चालणारी राफ्टिंगची, म्हणजे रबरी तराफ्यातून वेगवान प्रवाहावर जाण्याची, सहल याच सोडलेल्या पाण्यावर अवलंबून असते आणि त्यामुळे ती बहुधा सकाळच्या ठरलेल्या वेळी भरवली जाते. यातून निघणारी सूचना स्पष्ट आहे : भिऱ्याच्या खालच्या बाजूस नदीपात्रात उतरताना आकाश निरभ्र आहे एवढ्यावर विसंबू नये, कारण तेथील पाणी पावसाविनाही चढते, आणि पाणी केव्हा सोडले जाते हे गावातील माणसांना विचारल्याशिवाय पात्रातील खडकावर जेवणाची पंगत मांडू नये.

भिऱ्याच्या वरच्या अंगाच्या घळींत मात्र निसर्गाचेच राज्य चालते. २५ जुलै २०२४ रोजी ताम्हिणी येथे चोवीस तासांत ५५६ मिलिमीटर पाऊस नोंदवला गेला. मराठवाड्याच्या अनेक तालुक्यांत पावसाळ्याच्या चार महिन्यांत मिळून पडणाऱ्या पावसाशी ज्याची तुलना करावी लागेल इतके हे पाणी एका दिवसात घाटमाथ्यावर पडले. माथ्यावरचा खडक सच्छिद्र नसेल, मातीचा थर पातळ असेल आणि उतार तीव्र असेल तर पाणी मुरण्यास वाव मिळत नाही. ते ओहोळांतून ओढ्यात आणि ओढ्यातून घळीत थोड्या वेळात एकवटते. ज्या क्षेत्रावर पडलेले पाणी एका प्रवाहात येऊन मिळते त्या क्षेत्राला पाणलोट म्हणतात, आणि घळीत उभ्या असलेल्या माणसाला आपल्या कुंडाच्या पाणलोटाचा जवळजवळ कोणताही भाग दिसत नाही. खाली ऊन आणि वर मुसळधार पाऊस अशी स्थिती सह्याद्रीत मुळीच दुर्मीळ नाही.

वाळवंटी प्रदेशांतील घळींचा अनुभव येथे उपयोगी पडतो. ओमानमधील वाडी शाब आणि वाडी बनी खालिद या घळींत निळसर पाण्याची नैसर्गिक कुंडे आहेत आणि मस्कतहून वाहनाने निघून एका दिवसात ती पाहून येण्याची प्रथा तेथील भारतीय कुटुंबांतही रुजली आहे. अरबी भाषेतील वाडी म्हणजे एरवी कोरडे किंवा अल्प पाण्याचे, पण पाऊस पडताच अकस्मात भरून वाहणारे पात्र. जॉर्डनमधील वाडी मुजीब ही घळ हिवाळ्यात पुराच्या भीतीने बंद ठेवली जाते आणि उन्हाळ्यात ती उघडली तरी तरंगजाकीट घातल्याशिवाय पाण्यातील वाटेवर कोणाला सोडले जात नाही. ही शिस्त तेथे भीषण अनुभवातून आली; एप्रिल १९६३ मध्ये जॉर्डनमधीलच पेट्रा या प्राचीन नगरीकडे नेणाऱ्या अरुंद घळीत अचानक आलेल्या लोंढ्यात वीसहून अधिक फ्रेंच प्रवासी बुडाले होते. वर्षाला जेमतेम काही दिवस पाऊस पडणाऱ्या देशांनी जर पावसाच्या काळात घळी बंद ठेवण्याचा नियम स्वीकारला असेल, तर चार महिने अखंड पाऊस झेलणाऱ्या सह्याद्रीत तो नियम किती अधिक काटेकोरपणे पाळला जायला हवा, हे वेगळे सांगण्याची गरज नसावी. प्रत्यक्षात मात्र आपल्याकडे घळींकडे जाणारी सर्वांत मोठी गर्दी नेमकी जुलै आणि ऑगस्टमध्येच असते, आणि ही गोष्ट अत्यंत चिंताजनक आहे.

या चिंतेला आधार आहे. २०२४ च्या पावसाळ्याच्या प्रारंभी प्लस व्हॅलीतील धबधब्याच्या कुंडात उडी घेतलेला एक पर्यटक प्रवाहाबरोबर वाहून गेला, आणि त्याच वर्षी जुलैच्या मध्यास कुंभे धबधब्याजवळ चित्रीकरणासाठी गेलेली मुंबईची एक तरुणी खोल दरीत कोसळली. बचाव पथकांना तिला वर आणण्यासाठी सुमारे सहा तास झुंजावे लागले आणि तरीही तिचे प्राण वाचले नाहीत. देवकुंड येथेही यापूर्वी बुडून मृत्यू झालेले आहेत. त्यामुळे अलीकडच्या अनेक पावसाळ्यांत प्रशासनाने तालुक्यातील धबधब्यांवर प्रवेशबंदीचे आदेश काढले. असे आदेश पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली काढले जात. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाल्याने ते तिच्या कलम १६३ खाली निघतात, आणि आदेश मोडणाऱ्यावर भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली गुन्हा नोंदवता येतो. सहलीला निघण्यापूर्वी असा आदेश लागू आहे काय याची खात्री माणगावचे तहसील कार्यालय किंवा जवळचे पोलीस ठाणे यांच्याकडून करून घ्यावी. समाजमाध्यमांवरील कोणाच्या तरी कालच्या छायाचित्रावरून मार्ग खुला असल्याचा निष्कर्ष काढू नये. बंदी चुकवून आडवाटेने नेण्याची तयारी दाखवणारा माणूस वाटाड्या म्हणवून घेण्यास पात्र नाही. याशिवाय ताम्हिणी परिसरातील काही भाग २०१३ मध्ये घोषित झालेल्या ताम्हिणी वन्यजीव अभयारण्यात येतो, आणि तेथे वनविभागाच्या परवानगीचा वेगळा प्रश्न उद्भवतो.

मग जावे केव्हा? ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ सर्वसाधारणपणे योग्य मानावा. त्यातही नोव्हेंबर आणि डिसेंबर हे महिने उत्तम, कारण धबधब्याला धार असते, पाणी निवळलेले असते, ओढ्यांतील दगडांवरचे शेवाळ बऱ्याच ठिकाणी वाळू लागते आणि पायवाट दिसू लागते. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्याबाबत सावध राहावे. परतीचा पाऊस दुपारनंतर विजांच्या कडकडाटासह येतो आणि सकाळचे निरभ्र आकाश त्याची कोणतीही सूचना देत नाही. फेब्रुवारीनंतर पाणी रोडावते आणि दुसरेच संकट पुढे येते. २८ मार्च २०१७ रोजी भिरा येथे ४६.५ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली आणि कोकणातील या लहानशा गावाचे नाव त्यामुळे देशभरच्या वृत्तपत्रांत आले. तिन्ही बाजूंनी डोंगर असलेल्या या खोऱ्यात मार्चपासून हवा कोंडते, काळा कातळ तापतो आणि जाताना सुखावह वाटलेली वाट परतताना उष्माघाताला कारण ठरू शकते. अशा वेळी घळ ही खऱ्या अर्थाने वाळवंटी दरीसारखी वागते. मार्च ते मे या काळात जायचेच असेल तर उजाडताना चालू लागून अकराच्या आत परतणे हाच एक शहाणपणाचा मार्ग उरतो.

वाटाड्याची निवड हा या सहलीतील सर्वांत महत्त्वाचा निर्णय आहे आणि लोक नेमका त्याच निर्णयाला सर्वांत कमी वेळ देतात. येथे दोन वेगळ्या भूमिका ओळखाव्यात. शहरातून गट जमवून वाहन, जेवण आणि विमा यांची व्यवस्था करणारा आयोजक एक. आणि त्या विशिष्ट ओढ्याच्या काठी वाढलेला, पाटणूस, भिरा किंवा आसपासच्या वाडीतील स्थानिक वाटाड्या दुसरा. आयोजक साहसी पर्यटन चालवत असेल तर महाराष्ट्र शासनाच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार त्याची पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी अपेक्षित आहे, आणि ती आहे काय हे विचारण्यात संकोच करण्याचे कारण नाही. परंतु नोंदणी असलेला आयोजकही स्थानिक वाटाड्याची जागा घेऊ शकत नाही. देवकुंडाच्या वाटेवर गावातील तरुण वाटाडे म्हणून सोबत येतात आणि त्यांच्याशिवाय पुढे जाऊ नये असा तेथील दंडक आहे. तो उत्पन्नासाठी घातलेला अडथळा आहे असे समजणारे पर्यटक भेटतात, पण त्यांची ही समजूत चुकीची आहे. ओढ्याचे नेहमीचे पाणी कोणत्या दगडापर्यंत असते आणि आज ते कोठवर आहे, कोणत्या झाडापाशी वाट फुटते, घाटमाथ्यावरच्या कोणत्या कड्यावर ढग टेकले की तासाभरात ओढा भरतो, हे ज्ञान नकाशात नसते. रायगडच्या डोंगरपट्ट्यातील कातकरी, ठाकर आणि धनगर समाजांकडे हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्यांचे आहे आणि त्याला मोल देणे हा केवळ उपकार नव्हे.

वाटाड्या ठरवताना काही प्रश्न सरळ विचारावेत. एका वाटाड्याबरोबर किती माणसे असतील, हा पहिला. पाण्यात उतरायचे असेल तर दहापेक्षा मोठा गट एका माणसाच्या नजरेत राहत नाही, असे समजून चालावे. त्याच्याकडे किमान वीस मीटर दोर आहे काय, तरंगजाकिटे आहेत काय आणि ती प्रत्येकाच्या मापाची आहेत काय, गटात शेवटी कोण चालणार, भ्रमणध्वनीची जोडणी वाटेत कोठे तुटते आणि मदत मागायची झाल्यास कोण धावत मागे जाणार, हे पुढचे. जो वाटाड्या या प्रश्नांना हसण्यावारी नेतो त्याच्यापेक्षा जो परत फिरण्याची वेळ आणि परत फिरण्याची कारणे आधीच सांगतो तो निवडावा, मग त्याचे शुल्क थोडे अधिक का असेना.

प्रवासाची आखणी अवघड नाही. माणगाव हे मुंबई-गोवा महामार्गावर असून कोकण रेल्वेचे स्थानकही आहे. तेथून निजामपूर व विळेमार्गे पाटणूस आणि भिरा गाठता येते, तर पुण्याहून येणाऱ्यांना ताम्हिणी घाट उतरून विळ्यापाशीच या रस्त्याला लागता येते. मुंबईकडून येणाऱ्यांनी महामार्गावरील कोंडी गृहीत धरून आदल्या रात्री माणगाव किंवा कोलाड परिसरात मुक्काम करणे अधिक श्रेयस्कर आहे, कारण उशिरा पोचलेला गट उशीर भरून काढण्यासाठी चालताना घाई करतो आणि पाण्यातून मात्र वेळेवर बाहेर पडत नाही. भिऱ्याहून देवकुंडापर्यंतचे अंतर एका बाजूने पाच ते सहा किलोमीटर असून त्याला दोन ते तीन तास लागतात. प्रारंभीची वाट जलाशयाच्या काठाने जवळजवळ सपाट जाते, पुढे झाडीत शिरून ओढे ओलांडते आणि अखेरीस धोंड्यांतून चढत कुंडाशी पोचते. सकाळी सातच्या सुमारास निघालेला गट दहाच्या आसपास पोचतो आणि त्याला दीड-दोन तास निवांत मिळतात. दुपारी एकनंतर कुंडापाशी कोणीही राहू नये, हा नियम हिवाळ्यातही पाळावा, कारण खोल घळीत आणि दाट झाडीत संध्याकाळ बाहेरच्यापेक्षा लवकर होते आणि थकलेल्या पायांनी अंधारात धोंडे उतरणे हे मोडलेल्या घोट्याचे नेहमीचे कारण आहे.

सोबत काय घ्यावे याची यादी लांबवण्याची आवश्यकता नाही, तरी कपड्यांविषयी विशेष सांगितले पाहिजे. जीन्स, साडी, ओढणी किंवा घेरदार वस्त्र पाण्यात भिजल्यावर जड होते, पायांना लपेटते आणि चांगल्या पोहणाऱ्यालाही खाली ओढते. म्हणून स्त्री असो वा पुरुष, अंगाला बेताचे बसणारे आणि लवकर वाळणारे कपडे घालावेत, आणि बदलण्यासाठी कोरडा जोड जलरोधक पिशवीत ठेवावा. पायांत पकड असलेले बूट असावेत आणि ते भिजतील हे मान्य करून पाण्यातही काढू नयेत, कारण अनवाणी पाय शेवाळावर घसरतो आणि कपारीत अडकतो. प्रत्येकाने किमान दोन लिटर पिण्याचे पाणी, थोडे मीठ-साखर किंवा जलसंजीवनीची पुडी, शिट्टी आणि विजेरी बाळगावी. कुंडाचे पाणी स्वच्छ दिसले तरी पिऊ नये, आणि पायाला उघडी जखम असेल तर पाण्यात उतरू नये. कोकणात लेप्टोस्पायरोसिस, म्हणजे उंदीर व गुरे यांच्या मूत्राने दूषित पाण्यातून जखमेवाटे शरीरात शिरणारा तापाचा आजार, आढळतो आणि सहलीनंतर दोन आठवड्यांत ताप आल्यास डॉक्टरांना कुंडातील स्नानाची माहिती अवश्य द्यावी.

दगड उचलताना किंवा कपारीत हात घालताना फुरसे आणि विंचू यांचे भान ठेवावे. कोकणातील लाल विंचवाचा दंश एकेकाळी हमखास जीवघेणा समजला जाई; माणगावच्या दक्षिणेस असलेल्या महाड येथे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी या दंशाचा हृदयावर होणारा परिणाम दीर्घकाळ अभ्यासला आणि प्राझोसिन या औषधाचा उपयोग सिद्ध केला, ज्यामुळे मृत्यूचे प्रमाण अतिशय कमी झाले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री देण्यात आली. पर्यटकाच्या दृष्टीने या इतिहासाचा अर्थ असा की, दंशावर उपचार आहेत आणि ते जवळ आहेत. माणगावला उपजिल्हा रुग्णालय आहे. मांत्रिक, जखमेवर काप देणे किंवा दोरीने अंग आवळणे यांत वेळ न दवडता, दंश झालेला भाग शक्य तितका स्थिर ठेवून रुग्णाला तेथे पोचवावे.

आता पाण्यात उतरण्याविषयी. महाराष्ट्रातील खेड्यांत पाठीला भोपळा किंवा पत्र्याचा डबा बांधून विहिरीत पोहायला शिकवण्याची पद्धत होती, आणि त्या पद्धतीने शिकलेले अनेक जण उत्तम पोहतात. मात्र विहिरीचे किंवा तरणतलावाचे पाणी स्थिर असते, तर धबधब्याच्या कुंडातील पाणी सतत फिरत असते. वरून पडणारी धार पाण्यात हवा मिसळते, फेसाळ पाण्याची घनता कमी होते आणि त्यात शरीर नेहमीइतके तरंगत नाही. शिवाय धारेच्या पायथ्याशी पाणी खाली दाबले जाऊन पुन्हा धारेकडेच परतणारा उलटा फेरा तयार होतो, ज्यात सापडलेला माणूस कितीही हात मारले तरी त्याच जागी खेचला जातो. यासाठी फेस जेथे संपतो तेथून पुढे, धारेच्या दिशेने, कोणीही जाऊ नये. पडत्या धारेखाली उभे राहणे आणखी एका कारणाने टाळावे : पाण्याबरोबर वरून दगड येतात. उंचावरून उडी किंवा सूर मारणे पूर्णपणे वर्ज्य मानावे. प्रथम वाटाड्याने उतरून काठीने तळ चाचपावा, त्याने दाखवलेल्या भागातच, एका वेळी चार-पाच जणांनी, तरंगजाकीट घालून उतरावे आणि एक माणूस कोरड्या खडकावर दोर हातात घेऊन केवळ पाहण्यासाठी ठेवावा. खोल कुंडांत ऊन थोडाच वेळ पोचत असल्याने पाणी अपेक्षेहून थंड असते; एकदम उडी घेतल्यास श्वास दचकून अडकतो, म्हणून हात-पाय आणि मान भिजवून हळूहळू शिरावे, आणि दात वाजू लागले की बाहेर यावे. मद्य घेतलेल्या माणसाला गटातील इतरांनी पाण्याजवळ जाऊ देऊ नये. येथे सौजन्यापोटी गप्प राहणे घातक ठरते. पोहता न येणाऱ्याने काठावर पाय सोडून बसावे आणि त्यात कमीपणा मानू नये.

लोंढा येण्यापूर्वी ओढा काही खुणा देतो आणि त्या प्रत्येकाला आधीच सांगितलेल्या असाव्यात. निवळ पाणी तांबूस किंवा गढूळ होऊ लागते, पालापाचोळा आणि काटक्या एकाएकी वाहून येतात, धबधब्याचा आवाज जड होतो, मघाशी कोरडा असलेला दगड ओला दिसू लागतो. यांतील एक जरी खूण दिसली की सामान, बूट आणि भ्रमणध्वनी जागीच सोडून बाजूच्या उतारावर उंच चढावे. पात्रातून खालच्या दिशेने पळू नये, कारण लोंढा माणसापेक्षा वेगवान असतो. पाणी वाढून परतीचा ओढा ओलांडण्याजोगा राहिला नाही तर पलीकडच्या काठाला लागण्याचा हट्ट न करता उंच जागी थांबावे. सह्याद्रीतील लहान ओढे जितक्या वेगाने चढतात तितक्याच वेगाने बहुधा उतरतातही, आणि काही तासांच्या उपाशी प्रतीक्षेने कोणी दगावत नाही. गुडघ्याच्या वर वेगाने वाहणारे पाणी हात धरूनही ओलांडू नये. मानवी साखळी तुटते आणि एकाऐवजी तिघे जातात.

बुडणाऱ्याला पाहून त्याच्यामागे उडी घेणे ही स्वाभाविक प्रेरणा आहे, आणि तिनेच एकाच कुटुंबातील अनेकांचे बळी घेतले आहेत. दोर, काठी, ओढणी किंवा बूच लावलेली रिकामी बाटली, जे हाती येईल ते फेकावे. पाण्यात उतरण्याचे काम दोराने बांधलेल्या प्रशिक्षित माणसाचेच आहे. बाहेर काढलेला माणूस श्वास घेत नसेल तर त्याला पालथा घालून पोट दाबणे, उलटे टांगणे किंवा गरगर फिरवणे या जुन्या प्रथा निरुपयोगी आणि हानिकारक आहेत. त्याला सपाट जागी उताणे निजवून, हनुवटी उचलून, प्रथम तोंडाने श्वास द्यावेत आणि मग छातीच्या मध्यभागी ३० दाब व २ श्वास या क्रमाने, मदत येईपर्यंत न थांबता, चालू ठेवावे. बुडण्याच्या प्रसंगात हृदयापूर्वी श्वास थांबलेला असतो, म्हणून श्वास देण्याला येथे विशेष महत्त्व आहे. शुद्धीवर आलेल्या माणसालाही रुग्णालयात न्यावे, कारण फुफ्फुसात गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनी उद्भवू शकतो. मदतीसाठी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक आहेत. कुंडापाशी जोडणी मिळेलच असे नाही, त्यामुळे वाटेत ती शेवटची कोठे मिळाली ती जागा लक्षात ठेवावी. सर्वांनी दोन तास खर्च करून ही प्रथमोपचाराची पद्धत आधी प्रत्यक्ष शिकून घ्यावी; सहलीची याहून चांगली पूर्वतयारी दुसरी नाही.

प्रत्येक कुंड पोहण्यासाठी नसते, हेही ध्यानात घ्यावे. महाड तालुक्यातील वाळणकोंड येथे वरदायिनी देवीच्या डोहातील मोठे मासे श्रद्धेपोटी राखले गेले आहेत. तेथे मासे पकडले जात नाहीत, लोक त्यांना खाऊ घालतात आणि काठावरूनच डोह पाहतात. जलजीवांच्या संरक्षणाची ही पद्धत कोणत्याही शासकीय आदेशापेक्षा जुनी आणि अधिक परिणामकारक आहे, आणि तसा आदर देवकुंडालाही लाभला पाहिजे. तेथील पाणी पुढे माणसे आणि जनावरे वापरतात, म्हणून साबण, शाम्पू आणि तेल पाण्यात नेऊ नये, आणि आणलेले प्रत्येक वेष्टन परत न्यावे. दुपारचे जेवण भिरा किंवा पाटणूसच्या घरांतून आधी सांगून करून घ्यावे. तांदळाची भाकरी, भाजी आणि भात एवढ्या साध्या जेवणातून सहलीचा पैसा ज्या गावाच्या रानातून वाट जाते त्या गावात राहतो.

ज्यांच्या गटात वृद्ध, लहान मुले किंवा गुडघेदुखीचे रुग्ण आहेत, त्यांनी देवकुंडाचा हट्ट न धरता सुधागड तालुक्यातील पालीजवळच्या उन्हेरे येथील गरम पाण्याच्या कुंडांचा विचार करावा; तेथे बांधलेली कुंडे आहेत, चालावे लागत नाही आणि बल्लाळेश्वराचे दर्शनही होते. हवामान बिघडल्यामुळे बेत बदलावा लागला तर इतर सर्वांसाठीही हाच पर्याय खुला राहतो, आणि तो निघण्यापूर्वीच ठरवून ठेवला तर परत फिरण्याचा निर्णय मनाला तितका जड जात नाही.

शेवटी एक विनंती सर्व वाचकांना करणे आवश्यक वाटते. भल्या पहाटे निघून भिऱ्याला पोचल्यावर वाटाड्याने माथ्यावरचे ढग पाहून आज जाता येणार नाही असे सांगितले, किंवा अर्ध्या वाटेतून मागे वळवले, तर त्याच्याशी वाद घालू नये आणि ठरलेले पूर्ण शुल्क त्याच्या हातावर ठेवावे. ज्या दिवशी नकार दिला त्या दिवसाची मजुरी बुडते अशी वाटाड्याला भीती असेल, तर कधी ना कधी तो नकार देणार नाही.